शनिवारची कोरडी कवळी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पापडी गावच्या बाजारात मी वाण्याच्या तराजूकडे बघत नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. दूधवाला लवकर आला तर मला दुधात पाण्याचा वास येतो, आणि उशिरा आला तरी येतो. अशा बाईने ऐन चाळिशीत तोंडातले सगळे दात परक्या माणसाच्या हवाली केले आणि त्याच्याच हातून नवे घेतले. तिचे ते दिवस कसे गेले असतील, याचा अंदाज करा.

हे लिहायला बसले ती गावातल्या दोघीतिघींमुळे. त्यांचे दात हलू लागले आहेत. त्या मला रस्त्यात गाठतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच विचारतात, "टीचर, दुखतं का हो?" दुखतं. पण दुखण्याचं तुम्हाला कोणीही सांगेल. त्यापलीकडचं कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

दात पडला तो दिवस

मी चर्चच्या शाळेत शिकवते. हिरड्यांतून रक्त यायचं ते कित्येक वर्षं येतच होतं. आधी मी राखुंडीवर संशय घेतला, मग विहिरीच्या पाण्यावर. शेवटी शेजारणीवरही घेतला, कारण तिच्या घरचं लोणचं खाल्लं की जास्त यायचं. दातांवर काही माझा संशय गेला नाही.

एक दिवस वर्गात कविता म्हणून दाखवत होते आणि पुढचा दात जिभेवर आला. दुखलं नाही, काही नाही. कडव्याच्या मध्येच मी तोंड मिटलं, फळ्याकडे वळले आणि उरलेलं कडवं लिहून काढलं. मुलं मुकाट्याने उतरवून घेत होती. दात गालात धरून मी घरी आले आणि नवऱ्यापुढे, जुजेपुढे, हात पसरून तो दाखवला. जुजे केळीच्या वाडीतून नुकताच आला होता. त्याने पाय धुतले, सदरा बदलला आणि मला टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं.

दातांचे डॉक्टर बाजारात, वरच्या मजल्यावर बसायचे. त्यांनी माझं तोंड उघडून बघितलं, एकेक दात चिमट्याने हलवला आणि म्हणाले, "पायोरिया आहे, बाई. सगळे काढावे लागतील."

"सगळे? अहो, मागचे तर घट्ट आहेत."

"आज घट्ट आहेत. हाड खालून गेलंय."

माझी नजर डॉक्टरांच्या दातांवर गेली. त्यांचे सगळे जागच्या जागी होते. ज्याचं पोट दात काढण्यावर चालतं तो दुसरं काय सांगणार, असं माझ्या मनात आलं. मी विचारलं, "काढलेल्या दातांचं तुम्ही काय करता?"

त्यांनी पायाने खुर्चीखालची बादली पुढे ढकलली. मी वाकून आत बघितलं. ज्यांना माझं हसू येत असेल त्यांनी खुशाल हसावं. पण दात देण्याआधी ते कुठे जाणार हे विचारण्याचा हक्क मला होता. बादलीत कापूस होता आणि दात होते. मग मी खुर्चीत मागे टेकले.

रिकामं तोंड

मे महिन्याच्या सुट्टीत थोडेथोडे करून सगळे निघाले. सुई टोचल्यावर दुखत नाही, फक्त आवाज येतो, आणि तो आवाज डोक्याच्या आतून येतो. त्याची तयारी ठेवा. नंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पेज, आणि पुन्हा गुळण्या. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळीचं माप घेता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे काही महिने असंच राहायचं.

त्या महिन्यांबद्दल लिहिताना आजही माझा हात अडखळतो. आरशात माझ्या जागी माझी आजी दिसायची. ओठ आत गेले, हनुवटी वर आली. शाळेत मी पदर तोंडावर धरून शिकवलं. मला माझी लाज वाटायची, उघड सांगते. घरी मी भिंतीकडे तोंड करून जेवायची. पेज सुरकताना जो आवाज होतो तो जुजेने ऐकू नये असं वाटायचं. एक दिवस त्याने आपला पाट उचलला, माझ्या शेजारी मांडला आणि तोही भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. मला वाटलं, चिडवतोय. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच बसला, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

कोणाचे दात

कवळी करायची ठरल्यावर जो तो शहाणा झाला. आमच्या गावच्या सणाला बाहेरून एक माणूस यायचा. जमिनीवर फडकं पसरून त्यावर तयार कवळ्या मांडायचा. लोक एक उचलायचे, तोंडात घालून बघायचे, बसली नाही तर त्याच्या वाडग्यात बुचकळून परत ठेवायचे. पुढचा माणूस तीच उचलायचा. वाडगं एकच आणि पाणीही तेच. माझ्या एका दिराने तिथून एक घेतली आणि ती तो फक्त लग्नात फोटोपुरती घालतो.

माझी सासू, तिला आम्ही आय म्हणतो, वेगळ्याच कारणाने विरोधात होती. तिच्या स्वतःच्या तोंडात दात नव्हते आणि तिचं काही अडत नव्हतं. ती म्हणाली, "मेल्या मानसांचे दात असतात ते. कोन जाने कोनाचे!"

"आय, काहीतरी बोलू नको."

"मी पाह्यलंय. तुझ्या सासऱ्याला पुरायला खड्डा उघडला तवा जुनी हाडं निघाली. हाडं भुगा झाली होती. दात नव्हते झाले. ते कुठं जातात मग?"

आमच्या दफनभूमीत जागा थोडी, म्हणून काही वर्षांनी जुनी थडगी उघडून तिथेच नवं माणूस पुरतात. आयने ते पाहिलं होतं, तेव्हा तिला खोटं पाडता येईना. आणि खरं सांगायचं तर तो किडा माझ्याही डोक्यात शिरला. माझ्या तोंडात गावच्याच कोणाचे दात असले तर? मी सरळ डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कपाटातून दातांची एक पट्टी काढली आणि चहाच्या बशीवर वाजवून दाखवली. "ऐका. चिनी मातीचे आहेत, बशीसारखेच."

घरी येऊन मी आयला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मातीतून आले म्हनजे झालं ना तेच!"

कवळीच्या टाळूसाठी दोन प्रकार होते. जुना, तांबड्या कडक रबराचा. आणि नवा गुलाबी, हिरडीसारखा दिसणारा. डॉक्टर नव्याची फार तारीफ करत होते, म्हणून मी आधी जुना मागितला. मग दोन्ही हातांत घेऊन बघितले. नवा हलका होता. तोच घेतला. दातांचा रंग निवडताना मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. डॉक्टरांनी मोत्यासारखे पांढरे पुढे केले. मी जरा पिवळसर घेतले आणि पुढचे दोन किंचित तिरपे बसवा म्हटलं, माझे होते तसे. मेणावर दात बसवून दाखवतात तेव्हा घाई करू नका. उजेडात जा, घरच्या माणसाला बरोबर न्या, बोलून बघा. तेव्हा बदलता येतं. नंतर तुम्हालाच सोसावं लागतं.

तोंडात परकं घर

पहिल्या दिवशी उमासे येत होते. तोंडात कोणीतरी बशी घातली आहे आणि ती काढायला विसरला आहे, असं वाटत होतं. लाळ थांबेना. बोलायला गेले की खालची कवळी उठायची आणि वरचीवर आपटायची. जुजेने कानस आणली आणि म्हणाला, "दे इकडं, टोचतं तिथं जरा घासून देतो." त्या बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण कवळीला घरची कानस लावू देऊ नका. टोचतं ती जागा बोटाने डॉक्टरांना दाखवा, घासायचं काम त्यांचं.

पाचूबंदरहून फिलू नावाची कोळीण आमच्या दारी मासे घेऊन यायची. पहिल्या आठवड्यात मी तिला फक्त हाताने खुणा करत होते. तिने माझ्याकडे बघितलं, टोपली खाली ठेवली आणि ओले बोंबील काढले. "यावर हात बसव पयला. काटा मऊ, तुला बाधनार नाय. दोन्ही बाजूंनी चाव गो, एका बाजूनं चावशील तर उलटंल." हिला कसं ठाऊक, असा संशय मला आलाच. तिच्या आईची कवळी होती, हे नंतर कळलं. बोंबलांनी मला खायला शिकवलं. सुकेळीच्या वाट्याला मात्र जाऊ नका. आमच्याकडे वाळवलेली केळी म्हणजे जीव की प्राण. पण ती कवळीला अशी धरतात की दोन्ही एकदमच बाहेर येतात.

बोलण्यासाठी मी रोज वाडीत जाऊन मोठ्याने वाचायची. केळींपुढे लाजायचं काही कारण नव्हतं. महिन्याभरात माझा 'स' परत आला. पदर तोंडावरून खाली आला. त्या दिवशी वर्गात एक मुलगी म्हणाली, "टीचर, आज तुम्ही दिसताय." मला रडू आलं आणि मी तिला पाढे लिहायला बसवलं.

शनिवारची अडचण

आता जे सांगायचं आहे ते दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या धर्माच्या कवळीवाल्यांना कदाचित पटणारही नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं: रात्री कवळी काढा, धुवा, आणि पाण्यात ठेवा. कोरडी ठेवू नका, गरम पाणी लावू नका, राखुंडीने घासू नका. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, म्हणजे हातून सुटली तरी फुटणार नाही. हे सगळं मी पाळलं. फक्त शनिवारी नाही.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादर जिभेवर ठेवतात ती पवित्र भाकर, घ्यायचा तर तेव्हाचा नियम कडक होता: मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पुढे काही वर्षांनी नियम सैल झाला आणि पाणी चालू लागलं. पण मी सांगते तो त्याआधीचा काळ. आणि हा नियम मुलांना शिकवणारी कोण, तर मीच. पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांचा वर्ग दर वर्षी माझ्याकडे असायचा. मी त्यांना दटावायची, "चूळ भरा, पण गिळू नका."

आता रात्रभर पाण्यात पडलेली कवळी मी सकाळी तोंडात घातली तर? चूळ थुंकता येते. कवळी टाळूला जाऊन चिकटते आणि तिच्याखालचं पाणी दाबलं जातं. ते जाणार कुठे? घशातच. म्हणजे माझा उपास मोडला. मोडलेल्या उपासाने ख्रिस्तप्रसाद घेणं म्हणजे केवढं पाप, हेही मुलांना मीच शिकवायची.

कवळी न घालता जायचं, तर मिस्सेत मुलांच्या प्रार्थना पुढे उभं राहून मीच मोठ्याने म्हणायची. दातांशिवाय त्या कोणाला कळल्या असत्या?

फादरांना विचारलं असतं तर सुटलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण विचारलं की उत्तर मिळतं. ते 'नाही' म्हणाले असते तर मला दात आणि ख्रिस्तप्रसाद यातलं एक निवडावं लागलं असतं. दात सोडले तर शाळा सुटत होती. दुसरं सोडण्याचा विचारही मला करवत नव्हता. म्हणून मी कोणालाच विचारलं नाही आणि माझी युक्ती काढली. शनिवारी दिवेलागणीलाच कवळी काढायची, पुसायची, कापडात गुंडाळायची आणि चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची. सकाळपर्यंत खडखडीत कोरडी.

काही आठवडे बरं चाललं. मग वरची कवळी डुगडुगू लागली. टाळूला फोड आले. मुलांपुढे बोलताना टकटक आवाज होऊ लागला. माझी खात्री पटली की डॉक्टरांनी घासायला घेतली तेव्हा कोणाच्यातरी कवळीशी अदलाबदल केली आहे.

मी तरातरा जिना चढले. "ही माझी नाही," मी कवळी टेबलावर ठेवत म्हटलं. "माझी मला द्या."

डॉक्टरांनी ती प्लास्टरच्या साच्यावर बसवून बघितली. साच्यावर माझं नाव होतं. कवळी एका बाजूने उठून राहिली. "तुमचीच आहे, पण वाकली आहे. उष्णता लागली आहे हिला. कुठे ठेवता?"

"पाण्यात."

"रोज?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आता तेच माझ्यावर संशय घेत होते, आणि तो खरा होता. ते हिंदू, त्यांना उपासाचं सांगावं तर निम्मं समजलं नसतं, आणि समजलं असतं तर ते हसले असते, असं मला वाटलं. त्यांनी आतून नवा थर देऊन कवळी बसती केली आणि सांगितलं, "पुन्हा वाकली तर नवी करावी लागेल. मग मला दोष देऊ नका."

रुमाल

त्यानंतर मी काही रविवार ख्रिस्तप्रसाद घेतलाच नाही. कवळी शनिवारीही पाण्यात ठेवायची, सकाळी घालायची, मिस्सेला जायचं आणि लोक वेदीपुढच्या कठड्याकडे निघाले की मान खाली घालून बसून राहायचं. आमच्या गावात हे लपत नाही. बाई ख्रिस्तप्रसाद घेत नाही म्हणजे तिच्या हातून काहीतरी मोठं पाप घडलं आहे आणि ते तिने कुमसारात, म्हणजे पापकबुलीत, अजून सांगितलेलं नाही. मी मान खाली घालूनही पाठीवर नजरा मोजत होते.

जुजेने एकदाच विचारलं, "मार्था, काय झालंय गो?" मी म्हटलं, "काही नाही." तो वाडीत निघून गेला. आता हाही माझ्यावर संशय घेतो, असं मी धरून चालले.

शेवटी मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा दिवस जवळ आला तेव्हा मला राहवेना. एका रविवारी मी कवळी फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली, वाऱ्यावर धरली, देवाची क्षमा मागितली आणि कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकले. उपासाने तोंड कोरडं होतं, त्यात कवळी कोरडी. फादरांनी जिभेवर ठेवलेली ती पातळ पांढरी भाकर टाळूला जाऊन चिकटली आणि हलेना. तिला बोट लावायचं नसतं. तो अधिकार फक्त फादरांच्या बोटांना. दात लावायचे नसतात. मी जिभेने रेटलं तशी भाकर राहिली बाजूला, आख्खी कवळीच टाळू सोडून खाली आली. मी घाईघाईने तोंडाला रुमाल लावला, कवळी वर दाबली आणि जागेवर येऊन बसले. भाकर हळूहळू विरघळली. मी रुमाल घडी करून कमरेला खोचला.

हे मागून बघणाऱ्याला कसं दिसलं असेल, ते बसल्यावर माझ्या लक्षात आलं. पवित्र भाकर तोंडातून काढून रुमालात घरी नेणाऱ्या बायांच्या गोष्टी आमच्याकडे दबक्या आवाजात सांगतात. त्या कशासाठी नेतात, तेही सांगतात: करणी, चेटूक. अशा बाईशी कोणी पाण्याचाही व्यवहार ठेवत नाही.

त्या आठवड्यात मला सगळीकडे तेच दिसलं. फिलू दारावरून न थांबता गेली. शाळेतल्या दुसऱ्या बाई मला बघून बोलता बोलता थांबल्या. जुजे जेवताना गप्प होता. एका सकाळी आय माझ्या हातचा चहा नको म्हणाली. आणि त्याच दिवशी शाळा सुटल्यावर निरोप आला, फादरांनी चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं आहे.

मागची खोली

फादर वयस्कर होते. मला लहानपणापासून ओळखत होते. ते शाळेचे मॅनेजरही होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, दार अर्धं लोटलं आणि म्हणाले, "मार्था, रविवारी तुझ्या रुमालात काय होतं?"

माझा हात कमरेच्या रुमालावर गेला.

"मला आज ठरवायचं आहे," ते म्हणाले, "की मुलांचा वर्ग तुझ्याकडे ठेवायचा का. त्याआधी तुझ्या तोंडून ऐकायचं आहे."

जुजेपुढेसुद्धा मी कधी कवळी काढली नव्हती. मी रुमाल टेबलावर पसरला, तोंडात बोट घातलं आणि वरची कवळी काढून त्यावर ठेवली. मग खालचीही.

"हे होतं," मी म्हटलं. ते नीट उच्चारलंही गेलं नाही.

फादर खुर्ची सरकवून जरा मागे झाले. मग पुढे वाकून बघू लागले. "एवढं मोठं असतं हे?" ते म्हणाले. त्यांनी कवळी कधी पाहिलीच नव्हती.

मग त्या बोळक्या तोंडाने मी सगळं सांगितलं. पाणी, उपास, चुलीवरची फळी, वाकलेली कवळी, रिकामे रविवार. माझी लाळ गळत होती आणि डोळेही. सांगून झाल्यावर फादरांनी कपाळ चोळलं.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"आणि हो म्हणालो असतो तर?"

तो विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

"थुंकी गिळतेस ना रात्रभर? ते पिणं नव्हे. कवळी पाण्यातून काढ, झटक, पूस आणि घाल. जो ओलावा राहील तो राहील. देव डॉक्टरांच्या आड येत नाही. आणि भाकर टाळूला चिकटली तर चिकटू दे. घाई करू नकोस, ती आपोआप विरघळेल. वर्ग तुझ्याकडेच राहील."

तुमच्यापैकी जी कोणी हे वाचते आहे आणि जिची हीच अडचण आहे, तिने एवढं लक्षात ठेवावं. इतर गोष्टींसाठी डॉक्टर आहेत.

मी कवळ्या पुसून परत बसवल्या. सुटका झाली होती, आणि माझा स्वभाव लगेच जागेवर आला. मी विचारलं, "फादर, कोणी सांगितलं तुम्हाला? फिलूने? शाळेतल्या बाईंनी?"

"गावात कोणी काही पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर तुला बोलवायला मी शाळा सुटेपर्यंत थांबलो असतो का?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "पाहिलं ते एकीनेच. ती बाहेर बसली आहे. तुझी सासू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आय! माझ्याच घरात राहून, माझ्याच हातचं जेवून, तिने माझी चुगली केली. मी उठले.

"थांब," फादर म्हणाले. "ती का आली होती ते ऐकून जा. ती म्हणाली, 'सुनेच्या हातून काहीतरी वंगाळ घडलंय. काय ते मला माहीत नाही. तिचा वर्ग काढू नका, तिला गावात तोंड दाखवता येनार नाही. जी काय शिक्षा असेल ती माझ्यावर घाला.' मी म्हटलं, शिक्षा अशी दुसऱ्यावर घालता येत नाही. तिला ते पटलं नाही. तुझा निकाल लागेपर्यंत तिने आजपासून अन्नपाणी सोडलंय."

मी बाहेर आले. आय पायरीवर बसली होती, हातात रोझरीची जपमाळ होती आणि ओठ सुकले होते. मला बघून ती उठली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "झालं सगळं. वर्ग माझ्याकडेच आहे. कवळी पडत होती, आय, म्हणून रुमाल लावला होता. दुसरं काही नव्हतं."

तिने रोझरीचा क्रूस कपाळाला लावला. मी विहिरीवरून पाणी शेंदून आणलं. ती घटाघट प्यायली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. विचारल्याशिवाय मला घरी जाववेना.

"आय, तुला खरंच वाटलं, मी तसलं काही करीन?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"वाटलं," ती म्हणाली. "म्हनून तर गेले."